मट्टांचेरीची जुनी पेठ
कोचीच्या बंदराकाठी, मट्टांचेरीत, ‘ज्यू टाउन’ ही चिंचोळी पेठ वसलेली आहे. तिच्या टोकाशी इ. स. १५६८ मध्ये उभारलेले परदेशी सिनेगॉग आहे. मिरी-सुंठीच्या व्यापारावर ही पेठ नांदली. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढील काही दशकांत बहुतेक ज्यू कुटुंबे तिकडे गेली. त्यांच्या घरांतून व मसाल्यांच्या वखारींतून हळूहळू पुराणवस्तूंची दुकाने थाटली गेली. कोरीव दारे, पितळी दिवे, लाकडी पेटारे तेथे विक्रीस मांडलेले असतात. सिनेगॉगातील चिनी फरश्या अठराव्या शतकापासून जागच्या जागी आहेत; म्हणून त्यांचा इतिहास सांगता येतो. पेटाऱ्याचे मोल ठरते, परंतु तो कोणाच्या माजघरातला, हे सांगणारे कोणी उरत नाही. वस्तूबरोबर तिची नोंदही जपली, तरच इतिहास जपला जातो.