भाकरी कोण शिकवतं?

भाकरीचं प्रमाण कुठल्याच घरात लिहून ठेवलेलं नसायचं. पीठ किती घ्यायचं? तर खाणारी तोंडं बघून. पाणी किती? तर पीठ मागंल तेवढं. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात पोरींच्या कित्येक पिढ्या एवढ्याच उत्तरांवर स्वयंपाक शिकल्या. शहरातल्या माणसाला ही टोलवाटोलवी वाटेल. पण त्या म्हाताऱ्या खरं तेच सांगत होत्या.

गव्हाची कणीक मळली की ताणली जाते, कारण गव्हात ग्लुटेन असतं. ज्वारीत ते नसतं. ज्वारीचं पीठ ताणायला गेलं की तुटतं. त्याला धरून ठेवतो तो पिठातला स्टार्च, आणि तो चिकट होतो गरम पाण्यानं. पिठाच्या या धरून ठेवण्याला आमच्याकडं ‘विरी’ म्हणतात. ताज्या पिठाला विरी असते. पीठ जुनं झालं की विरी जाते, मग थापताना भाकरीच्या कडा फाटतात आणि आधणाचं पाणी घेतल्याशिवाय निभत नाही. म्हणजे पाण्याचा हिशोब रोज बदलणार. ज्वारी कुठली, दळण कधीचं, यावर तो ठरणार. अशा गोष्टीला वाटीचं माप कसं द्यायचं? ते बोटांनीच कळायचं.

ही बोटं तयार व्हायची चुलीपुढं. पोरगी सात-आठ वर्षांची झाली की आधी जाळाशी ओळख. तुराट्या भक्कन पेटतात नि लवकर विझतात, गोवरी सावकाश धरते पण आर चांगला देते, वैलावर कालवण कढत ठेवता येतं, हे आधी कळायचं. मग काठवटीतला पिठाचा एक गोळा तिच्याकडं यायचा, चानकी करायला. चानकी म्हणजे लहानग्यांसाठी केलेली छोटीशी भाकरी. वाकडी झाली तरी चालायची, कारण ती भावंडांतच खपायची. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कधी फिरवायचं, पाणी सुकायच्या आत उलटायची कशी, मग आराला टेकवून फुगवायची कशी, हे कुणी समजावून सांगत नव्हतं. शेजारी बसून बघायचं, आणि चुकलं की, “अगं, हात हलका ठेव की!” एवढाच धडा.

या शाळेचं कौतुक करताना तिची फी विसरू नये. फी होती धूर, पोळलेली बोटं आणि पुष्कळ घरांत पोरीची खरी शाळा. ती सासरी गेली की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. तिथलं काळं तिखट वेगळं, मिठाचा हात वेगळा आणि माहेरच्या हातावरून ऐकावे लागणारे टोमणे वेगळे. पोरांना तर या शाळेत प्रवेशच नव्हता. बाई आजारी पडली तर शेजारणीकडून भाकरी यायची, पण घरातला बाप्या चुलीपुढं बसायचा नाही.

या परंपरेत पहिलं यंत्र शिरलं ते चुलीजवळ नव्हे, जात्याजवळ. गावात पिठाची गिरणी आली, आधी डिझेल इंजिनवरची, पुढं विजेवरची. बायांची पहाटेची झोप वाढली. पण जात्यावर रोजचं पीठ रोज निघायचं, त्यामुळं विरी जायचा प्रश्नच फारसा येत नसे. गिरणीतून आठवड्याचं दळण एकदम यायला लागलं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आधणाची आठवण व्हायला लागली. कष्ट कमी झाले, पण एक नवी गोष्ट शिकावी लागली.

तसंच धान्याचं. १९६४ साली सीएसएच-१ ही ज्वारीची पहिली संकरित जात आली. पिकाला दमदार, पण आमच्याकडं हायब्रीडच्या भाकरीला मालदांडीची सर कुणी दिली नाही. पुढं १९७२चा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर गेलेल्या माणसांच्या घरात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आली. तिची भाकरी धड थापली जाईना. चाळीस-चाळीस वर्षं भाकऱ्या बडवलेल्या बायांचा अंदाज एका पोत्यानं खोटा पाडला. मग एकीनं दुसरीला सांगितलं, “पाणी कढत घे, पातळ थापू नको.” परंपरा म्हणजे आजीनं दिलेलं तसंच्या तसं पुढं देणं असं आपण समजतो. त्या वर्षी आज्याच नव्यानं शिकत होत्या.

तिकडं शहरात शिकायची दुसरी वाट कधीच पडली होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापलं गेलं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली. आणि मिलोच्या दोनच वर्षं आधी, १९७० साली, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं. कमलाबाईंनी पदार्थ वाटी-चमच्याच्या मापात बसवले. दोन खोल्यांत नवऱ्याबरोबर संसार मांडलेल्या, जवळ आई ना सासू अशा पोरीला त्या वाटीनं केवढा धीर दिला असेल! पुस्तक टोमणे मारत नाही, हा त्याचा मोठा गुण. आमच्या गावात ही पुस्तकं पोचली ती शहरातून माहेरपणाला आलेल्या लेकींच्या पिशवीतून. त्यातनं केक शिकला, पुलाव शिकला. भाकरीचं पान मात्र कुणी उघडलं नाही.

मग स्टो, कुकर, गॅस. गॅसवर भाकरी पुन्हा शिकावी लागली, कारण चुलीचा आर तव्याखाली सगळीकडं पसरतो आणि बर्नरची आच कडं धरून राहते. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाच्या घरीही सिलिंडर आला. तरी भरलेल्या टाकीची किंमत बघून पुष्कळ घरांत भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर, चहा-भाजी गॅसवर, अशी वाटणी झाली ती आजही आहे.

आता शिकवणारा आहे मोबाईल. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजी ‘आपली आजी’ या यूट्यूब वाहिनीमुळं घरोघरी माहीत झाल्या. त्याची सुरुवात नातवानं पावभाजी मागण्यातून झाली. आजींना ती येत नव्हती, म्हणून नातवानं त्यांना व्हिडिओ दाखवले. आजी नातवाच्या फोनवरून शिकली, आणि मग तिच्याकडून लाखो माणसं शिकली. अशी उलटी-सुलटी वाट चुलीपुढं कधी नव्हती.

मला यात सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. फोन विचारत नाही, तू मुलगी का मुलगा, कुठल्या घरचा, कुणाच्या हाताखालचा. पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आमची पोरं आज फोन डब्याला टेकवून पिठलं करतात. ज्यांच्या आज्याला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात लागायचा, त्यांची ही नातवंडं. एवढ्यासाठी तरी त्या यंत्राला हात जोडावेत.

पण त्यातलीच पोरं भाकरीपाशी अडतात. व्हिडिओतल्या बाईची भाकरी टम्म फुगते आणि यांच्या कडा फाटतात. मग गावाकडं फोन जातो. म्हातारी पडद्यावरचा चुरा बघते आणि पहिलं विचारते, “दळण कधीचं हाय?” पोरगं सांगतं, दुकानातली पिशवी, महिना झाला असेल. “मग पाणी उकळून घाल की बाबा, आन् झाकून ठिव जरा.”

व्हिडिओत हे पाणी दाखवलेलं असतंच. पण समोरच्याच्या डब्यातलं पीठ किती दिवसांचं, हे त्याला ठाऊक नसतं, आणि तो विचारतही नाही. ते विचारणारं माणूस गावात अजून आहे. सुट्टीत पोरं आली की त्यांना एक दिवस तिच्या शेजारी काठवटीपाशी बसवावं. लेकींना जसं बसवतो, तसंच लेकांनाही.