छातीवरचा वाघ

सकाळची फेरी आटोपून जिप्सी ताडोबाच्या मोहर्ली गेटातून बाहेर येऊ लागल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सायटिंग झाली का?" ज्यांना वाघ दिसला ते आणि ज्यांना नुसते चितळ आणि रिकामा पाणवठा दिसला ते, दोघेही थोड्या वेळाने दुकानांसमोर उभे राहतात. दोरीवर टी-शर्ट टांगलेले, खाली टोप्या, मग, फ्रिजला लावायचे मॅग्नेट, किचेन. जिकडे पाहावं तिकडे वाघ. कोअर क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही. गळ्यात मोठ्या लेन्सचा कॅमेरा नसलेल्या पर्यटकाला घरी दाखवायला काहीतरी हवं असतं, आणि ते या दुकानांत मिळतं. धंद्याचा हंगाम जंगलाच्या वेळापत्रकावर चालतो. मंगळवारी कोअर बंद, पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद.

अशा टी-शर्टांवर अलीकडे 'रेट्रो' चित्रांची चलती आहे. मागे लालसर गोल सूर्य, पुढे वाघाचं तोंड, खाली मुद्दाम झिजल्यासारखी दिसणारी अक्षरं. १९७०च्या दशकातल्या अमेरिकी राष्ट्रीय उद्यानाच्या दुकानातही हाच शर्ट खपला असता. फक्त वाघाच्या जागी अस्वल असतं. जुनेपणाची ही हौस चांगलीच आहे. पण ताडोबाच्या या चंद्रपूर जिल्ह्याला वाघाच्या चित्रांचा स्वतःचा, कितीतरी जुना आणि रंगतदार भूतकाळ आहे, आणि छातीवर मिरवण्यासारखा ऐवज त्यात आहे.

ताडोबा हे नावच एका वाघाच्या गोष्टीतून आलेलं. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला आणि तळ्याकाठी त्याचं ठाणं झालं, अशी इथली आख्यायिका. पौषात तिथे जत्रा भरण्याची प्रथा होती. या गोष्टीत वाघ आहे, पण देव झाला तो वाघाशी लढलेला माणूस. पुढे जंगलाला आणि १९५५ साली राज्यातल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला त्याचंच नाव मिळालं. आज टी-शर्टवर 'ताडोबा' हा शब्द वाघाच्या तोंडाखाली छापला जातो, तेव्हा एका गावप्रमुखाचं नाव त्याच्या वैऱ्याच्या चित्राखाली येतं, हे किती जणांच्या लक्षात येत असेल?

दुसरी खूण चंद्रपूर शहरातच आहे. गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे. या दरवाजांवर गोंड राजघराण्याचं चिन्ह कोरलेलं आहे: हत्तीवर मात करणारा सिंहासारखा प्राणी. जिल्ह्याची ही सगळ्यात जुनी 'छाप' म्हणायला हरकत नाही. चिन्ह एकच, पुन्हा पुन्हा वापरलेलं, लांबून ओळखू येणारं आणि सत्ता कोणाची ते सांगणारं. जटपुरा दरवाजातून आज दिवसभर वाहनांची रांग जाते आणि वर मान करून पाहायला कोणाला सवड नसते.

छापील वाघ मात्र बाहेरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महाराष्ट्रात वाघाची ओळख लोकप्रिय करणारी जागा म्हणजे सर्कस. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली आणि तिच्यामागून सांगली-मिरज पट्ट्यातून एकामागून एक मराठी सर्कशी निघाल्या. सर्कस गावात यायच्या आधी तिची जाहिरात यायची आणि जाहिरातीत वाघ-सिंह असायचेच. पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे याच परंपरेतले. वाघ-सिंहांसोबत काम करत ते १९४०च्या सुमारास अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोहोचले. 'वाघ सिंह माझे सखे सोबती' या पुस्तकामुळे मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना त्यांचं नाव ठाऊक होतं. मराठी माणसाचा हा खरा सुपरहिरो एखाद्या शर्टवर कधी येईल, कोण जाणे.

त्यानंतर वाघ खिशात शिरला. आगपेट्या आधी स्वीडन, ऑस्ट्रिया आणि जपानमधून येत. इथल्या गिऱ्हाइकासाठी त्यांच्या लेबलांवर देवदेवता, हत्ती, वाघ छापलेले असत. १९२३ साली विमको कंपनी सुरू झाली, अंबरनाथला कारखाना उभा राहिला, पुढे शिवकाशीच्या छापखान्यांनी लेबलांचा पूर आणला. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला माल चित्रावरून मागता यावा, हा त्यामागचा साधा व्यवहार. विड्यांच्या कट्ट्यांचंही तसंच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला जायचा, पुडे बांधून फळीवर मोजला जायचा, आणि महिन्यांनी तोच पत्ता विडी होऊन, कागदी लेबल लावून गावच्या दुकानात परत यायचा. आगपेटीच्या काड्यांना लागणारं सावरीचं लाकूडही रानातलंच. जंगलातून कच्चा माल जायचा आणि चित्र बाहेरून यायचं. हा क्रम इथे फार जुना आहे.

सरकारी वाघही खिशातच होता. रिझर्व्ह बँकेच्या मुद्रेत ताडाच्या झाडासोबत वाघ आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन रुपयांच्या नोटेवर मागच्या बाजूला वाघ होता. १९७५ मध्ये आर्यभट्ट उपग्रह अवकाशात गेल्यावर नोटेवरची ती जागा उपग्रहाला मिळाली. १९६३ साली टपाल खात्याने वन्यजीव संरक्षणाची तिकिटं काढली, त्यातल्या पन्नास नव्या पैशांच्या तिकिटावर वाघ होता. नोटा आणि तिकिटं जमवणाऱ्यांच्या वह्यांत हे वाघ आजही जपलेले सापडतात. आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाल्यावर व्यंगचित्रकार बाळ ठाकरे यांच्या रेषेतला डरकाळी फोडणारा वाघ मुंबईच्या भिंतींवर, झेंड्यांवर, पुढे शर्टांवर पसरला. महाराष्ट्राच्या शहरांत वाघाचं सर्वात जास्त वेळा छापलं गेलेलं तोंड बहुधा तेच असावं.

१९७३ हे वळणाचं वर्ष. १ एप्रिलला व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि त्याच सुमारास सिंहाच्या जागी वाघ राष्ट्रीय प्राणी झाला. तोपर्यंतच्या चित्रांतला वाघ भीतीचा किंवा बळाचा होता. आता तो वाचवायचा प्राणी झाला. महाराष्ट्रात आधी मेळघाट आणि मग ताडोबा. १९८६ मध्ये शेजारच्या अंधारी अभयारण्याची घोषणा झाली आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला. कोअरमधल्या बोटेझरीसारख्या गावांचं पुनर्वसन झालं. इरई जलाशयाच्या काठचं मोहर्ली जागच्या जागी राहिलं आणि त्याचं पर्यटनाचं गाव झालं.

आज पाठीवर सॅक आणि अंगावर वाघ घेऊन मोहर्लीत उतरणाऱ्या पस्तिशी-चाळिशीच्या पिढीचा रेट्रो वाघ मात्र दूरदर्शनवरचा आहे. १९९३ मध्ये रविवारी सकाळी लागणारं 'जंगल बुक' हे जपानी कार्टून हिंदीत आलं, तेव्हा शेरखानला आवाज होता नाना पाटेकर यांचा. लंगडत चालणारा, तुटक बोलणारा तो शेरखान मुलांना भिववायचा आणि आवडायचाही. किपलिंगने मोगलीची गोष्ट जिथे घडवली ते सिवनीचं जंगल नागपूरच्या उत्तरेला, पेंचच्या पट्ट्यात येतं. विदर्भातल्या मुलांच्या दृष्टीने ती शेजारच्या रानाची गोष्ट होती, जपानमार्गे आलेली.

मग एक गोष्ट बदलली, आणि या धंद्याच्या इतिहासात तिचं महत्त्व सर्वात मोठं आहे. वाघाला नाव मिळालं.

वनखाते वाघांना क्रमांक देतं. नावं देतात गाईड, जिप्सीचालक, पर्यटक, छायाचित्रकार; आणि ती बऱ्याचदा सिनेमाच्या वळणाची असतात. ताडोबात गब्बर झाला, माधुरी झाली, सोनम, शर्मिली, लारा, छोटी तारा झाली. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला जय तर सरळ 'शोले'तून आलेला. एप्रिल २०१६ नंतर तो कोणालाच दिसला नाही आणि त्याच्या शोधाच्या बातम्या देशभर झळकल्या. वाघडोह, मटकासूर, छोटा मटका ही नावं त्यामानाने रानाच्या मातीतली. या सगळ्यांत टी-१२ म्हणजे माया सर्वात मोठी तारका. पांढरपौनीच्या परिसरात वाढलेली ही वाघीण गाड्यांना सरावलेली होती, आणि तिची किती छायाचित्रं निघाली असतील याचा हिशेब लागणार नाही.

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघ मोजता येतात. शर्टवर चित्र काढणाऱ्यालाही तेच पट्टे कामाला येतात. कपाळावरच्या खुणा नीट उतरल्या तर जाणकार गिऱ्हाईक लगेच ओळखतो की ही माया आहे. आगपेटीवरचा वाघ कोणताही एक वाघ होता, शर्टवरचा वाघ अमुक एक वाघ आहे. खेळाडू किंवा नटाच्या चाहत्याने शर्ट घ्यावा, तसा हा शर्ट घेतला जातो.

छपाईचं तंत्रही इथे समजून घ्यायला हवं. पूर्वी टी-शर्ट स्क्रीनवर छापत: चौकटीत ताणलेली जाळी, तिच्यावर चित्राचा साचा, रबरी पट्टीने ओढलेली शाई. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे वेगळा खर्च. वाघ या तंत्राला फार सोयीचा. काळ्या कापडावर नारिंगी आणि पांढरा असे दोनच रंग पुरतात. पट्टे छापावेच लागत नाहीत, कापडाचा काळा रंग तिथे उघडा ठेवला की झालं. स्क्रीनवरच्या वाघाची ती ठसठशीत, थोडकी रेषा या काटकसरीतून आली. आता फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर उतरवण्याची सोय आली आहे. एक शर्ट काढायचा तरी परवडतं, आणि फोटो जसाच्या तसा, मिशीच्या केसासकट येतो. सोय झाली खरी, पण चित्र काढणाऱ्याची गरज त्यात कमी झाली. रेट्रो शर्ट आवडतात त्याचं एक कारण हेच असावं: त्यांत कोणीतरी काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवलेलं असतं.

नावं मिळालेल्या या वाघांच्या चरित्रात शर्टवर न मावणारी पानंही आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा मायाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं, सरपण, तेंदूपत्ता आणायला गेलेली माणसं दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात जातात. पर्यटकाला जो चेहरा लाडका, तो कोअरभोवतीच्या बफरमधल्या गावात संध्याकाळी दार लवकर लावायचं कारण असतो. जखमांच्या व्रणांनी ओळखला जाणारा वाघडोह मे २०२२ मध्ये म्हातारपणी मेला. माया ऑगस्ट २०२३ पासून दिसेनाशी झाली. नोव्हेंबरमध्ये अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीतून ते तिचेच असल्याचं सिद्ध झालं. तिचं चित्र मात्र छापलं जात राहिलं. मेलेल्या नटाचं पोस्टर जसं जास्तच प्रिय होतं, तशी ती आता 'क्लासिक' झाली आहे.

दुकानांत आणखी एक प्रकार दिसतो: ठिपक्या-रेघांनी भरलेला 'गोंड' वाघ. तो सुंदर असतो, पण तो मूळचा इथला नाही. ही शैली मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढच्या परधान कलावंतांची. जनगढसिंह श्याम यांनी १९८०च्या दशकात भोपाळच्या भारत भवनातून ती जगापुढे आणली. चंद्रपूरच्या गोंड मुलखात येऊन पर्यटक शेजारच्या राज्यातलं गोंड चित्र घेऊन जातो, आणि त्यात चूक त्याची नाही. त्याच्यासमोर दुसरं काही ठेवलेलंच नसतं.

खरं तर इथल्या हातांना चित्र नवं नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात तयार होणारी शुभेच्छापत्रं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी दिवाळीला पाठवली आहेत. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. चंद्रपूर आणि बल्लारशा या रेल्वेस्थानकांच्या भिंतींवर ताडोबाचं रान रंगवलं गेलं, आणि २०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत या दोन स्थानकांनी देशात पहिला क्रमांक मिळवला. गाडीतून उतरणाऱ्या माणसाला जिल्ह्याचा वाघ पहिल्यांदा भेटतो तो तिथे, रंगाच्या डब्यातून आणि ब्रशातून आलेला. त्या भिंतींवरचं चित्र शर्टवर उतरवायला कोणाची हरकत असेल असं वाटत नाही. फक्त चित्रकाराचं नाव आणि त्याचा मोबदला शर्टच्या किमतीत धरला पाहिजे.

आणि दरवाजांवरचं ते गोंड चिन्ह. सिंहासारखा प्राणी, खाली हत्ती, ठळक बाह्यरेषा, भरपूर मोकळी जागा. काळ्या कापडावर पांढऱ्या शाईची एकच स्क्रीन त्याला पुरेल. १ ऑक्टोबरला कोअरचं गेट उघडण्याआधी पावसाळ्याचे तीन महिने हाताशी असतात; एक स्क्रीन बनवायला तेवढा वेळ भरपूर झाला.