जुळ्या कणांची साक्ष



मालवणच्या बाजारांतून वहाणांचा एक जोड घ्यावा, न पाहतां एकेक वहाण पेटींत बंद करावी, आणि एक पेटी वेंगुर्ल्यास व दुसरी विजयदुर्गास पाठवावी. वेंगुर्ल्यास डावी निघाली तर विजयदुर्गास उजवीच असणार. यांत नवल नाहीं. डावें-उजवें मालवणांतच ठरलेलें होतें.

कणांच्या जोड्यांविषयीं आईनस्टाईन यांचें म्हणणें असेंच होतें. एकत्र जन्मलेले दोन कण दूर गेले तरी त्यांचे गुण जुळतात. पण मापनापूर्वीं ते गुण ठरलेले नसतात, असें पुंजसिद्धांत, म्हणजे क्वांटम सिद्धांत, सांगतो. 1935 सालीं आईनस्टाईन, पोडोल्स्की व रोझेन यांनीं हा सिद्धांत अपुरा ठरविला. नील्स बोर यांनीं उत्तर दिलें. 1950 सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत श्रीमती वू व शॅक्नोव्ह यांनीं गॅमा किरणांच्या जुळ्या कणांचा मेळ मोजला. तो सिद्धांताशीं जुळला, तरी वाद मिटला नाहीं.

निर्णायक कसोटी 1964 सालीं जॉन बेल यांनीं शोधली. तिचें सोपें रूप असें : प्रत्येक कणास तीन प्रश्नांपैकीं कोणताही एक विचारावा, उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’. दोघांस एकच प्रश्न विचारल्यास उत्तरें नेहमीं सारखीं येतात. आतां उत्तरें आधींच ठरलेलीं असतील, व एका टोंकाचा दुसऱ्यावर परिणाम होत नसेल, तर तीन उत्तरांपैकीं निदान दोन सारखीं असणारच. म्हणून निरनिराळे प्रश्न विचारले तरी सरासरीनें तिनांत एकदां तरी उत्तरें जुळलीं पाहिजेत. पुंजसिद्धांताप्रमाणें तीं चारांत एकदांच जुळूं शकतात!

याच धर्तीची परीक्षा 1972 सालीं बर्कली येथें फ्रीडमन व क्लॉसर यांनीं घेतली. कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या प्रकाशकणांवर त्यांनीं सुमारें 200 तास मोजमाप केलें. कौल पुंजसिद्धांताच्या बाजूनें पडला. 1982 सालीं फ्रान्समध्यें आलें आस्पे यांनीं कण वाटेंत असतांनाच प्रश्न बदलले. 2015 सालीं डेल्फ्ट येथें 1.3 किलोमीटर अंतरावरील हिऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनांनींही तीच साक्ष दिली. 2022 सालीं क्लॉसर, आस्पे व झायलिंगर यांस नोबेल पारितोषिक मिळालें. बेल 1990 सालींच निवर्तले होते.

यावरून परचित्तज्ञान सिद्ध झालें, असें मात्र कोणी समजूं नये. एका टोंकाचीं उत्तरें नाणें उडविल्यासारखीं येतात. मेळ दिसतो तो दोन्ही टोंकांच्या नोंदी शेजारीं ठेवल्यावरच. त्यामुळें या वाटेनें निरोप धाडतां येत नाहीं.

वस्तु पाहिली न पाहिली तरी ती असते तशीच असते, हें मीं पस्तीस वर्षें वर्गांत निःशंकपणें शिकविलें. वहाणांपुरतें तें आजही खरें आहे. कणांपुरतें मात्र, ‘आधींच ठरलेलें’ किंवा ‘दूरचा परिणाम नाहीं’, यांपैकीं एक तरी गृहीत सोडावें लागतें. कोणतें सोडावें, हें सांगण्याचा अधिकार माझा नव्हे; पण जुना धडा चुकीच्या विश्वासानें शिकविला, एवढें कबूल करणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे.