वहिवाट आणि जलमार्ग : स्ट्रॅटफर्ड कालव्याच्या इतिहासातील एक प्रकरण

मराठीत ‘कालवा’ हा शब्द उच्चारताच नीरा, मुठा अथवा गोदावरी यांच्या पाण्यावर भिजणारी शेते डोळ्यांसमोर उभी राहतात. इंग्लंडमधील कालव्याचे प्रयोजन मुख्यतः निराळे होते. तो पिकांसाठी नव्हे, तर होड्यांसाठी खोदलेला मार्ग होय. म्हणूनच त्याच्या इतिहासाचा विचार करताना ‘पाट’ या शब्दापेक्षा ‘वाट’ हा शब्द आपणांस अधिक उपयोगी पडतो, आणि त्याच अनुषंगाने आपल्या महसुली व्यवहारातील ‘वहिवाट’ ही संकल्पनाही. वाटेचा हक्क कागदावर असला, तरी ती वाट कोणी चालतच नसेल तर त्या हक्काचे काय होते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे तपासावयाचा आहे.

बर्मिंगहॅमनजीकच्या किंग्ज नॉर्टनपासून एव्हन नदीकाठच्या स्ट्रॅटफर्डपर्यंत सुमारे २५ मैल लांबीचा हा कालवा १७९३ च्या कायद्यान्वये खोदण्यास आरंभ झाला व १८१६ मध्ये पुरा झाला. अशा कालव्यांवर खपणाऱ्या मजुरांस ‘नॅव्हिगेटर’ म्हणत. त्याचेच ‘नॅव्ही’ असे संक्षिप्त रूप झाले आणि लोहमार्ग बांधणाऱ्या मजुरांसही तेच नाव मिळाले. शब्द कालव्यावरून रेल्वेवर गेला, तसाच मालही गेला. स्ट्रॅटफर्डचा कालवा तर मालकीहक्कानेच रेल्वेकडे गेला व अखेर ग्रेट वेस्टर्न कंपनीच्या ताब्यात आला. प्रतिस्पर्ध्याच्या मार्गाची निगा राखण्याचे कोणत्याही कंपनीस अगत्य नसते, हे उघड आहे.

या परिस्थितीत एल्. टी. सी. रोल्ट या अभियंत्याचा प्रवेश झाला. ‘क्रेसी’ ही मूळची मालवाहू अरुंद होडी त्याने राहण्याजोगी करून घेतली. तीत फोर्ड मोटारीचे इंजिन होते. बॅनबरी येथील टूली यांच्या गोदीत तिची डागडुजी झाली. आत पुस्तकांचे कप्पे व स्नानाचे टबही बसविण्यात आले. जुलै १९३९ मध्ये रोल्ट आपली नवपरिणीत पत्नी अँजेला हिच्यासह मध्य इंग्लंडमधील कालवे व नद्या यांच्या प्रवासास निघाला. ती होडी एकाच वेळी घर, कार्यशाळा आणि लेखनिकाची खोली होती. त्या प्रवासावर आधारलेला ‘नॅरो बोट’ हा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या वाचनातूनच रॉबर्ट एकमन याचा रोल्टशी परिचय झाला. १९४६ मध्ये दोघांनी इतरांच्या साहाय्याने अंतर्गत जलमार्ग संघ स्थापन केला.

संघाच्या पहिल्या कसोटीचे स्थळ होते किंग्ज नॉर्टनजवळील लिफर्ड लेनचा पूल. तेथील उचलता पूल निकामी झाल्यावर बसविलेल्या स्थिर पुलाखालून होडी जाऊ शकत नव्हती. लॉर्ड्सच्या सभागृहात प्रश्न विचारला गेला, तेव्हा पूर्वसूचना दिल्यास पूल उचलण्यात येईल असे आश्वासन मिळाले. आश्वासन देणाऱ्यांस अशी सूचना कोणी देईल असे वाटले नसावे. रोल्टने ती दिली. मे १९४७ मध्ये वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमक्ष कामगारांनी जॅक लावून पूल वर उचलला आणि गाळ व पाणवनस्पती यांतून वाट काढीत ‘क्रेसी’ पलीकडे गेली. कागदावरील हक्काचा प्रत्यक्ष उपभोग घेतला गेला, हे त्या घटनेचे मर्म होय.

राष्ट्रीयीकरणानंतरही दक्षिणेकडील १३ मैलांचा भाग निरुपयोगीच राहिला. १९५८ मध्ये वॉरिकशर कौन्टी कौन्सिलने तो कायमचा सोडून देण्याची परवानगी मागितली, कारण त्यावरील पुलाच्या पुनर्बांधणीचा खर्च वाचवावयाचा होता. तीन वर्षांत वाहतूक झालेली नाही, हा त्या मागणीचा आधार. त्यावर उत्तर म्हणून एका लहानशा कनूच्या प्रवासासाठी घेतलेला, तारीख असलेला परवाना पुढे करण्यात आला. १९५९ मध्ये मागणी नामंजूर झाली. पुढे नॅशनल ट्रस्टने हा भाग भाडेपट्ट्याने घेतला आणि डेव्हिड हचिंग्ज याच्या देखरेखीखाली स्वयंसेवक, सैनिक व कैदी यांच्या श्रमांतून तो दुरुस्त झाला. ११ जुलै १९६४ रोजी राजमातेच्या हस्ते तो पुन्हा खुला करण्यात आला. १९७४ मध्ये एव्हनचा वरचा भागही नौकानयनास मोकळा झाला, तेव्हा कालव्यातून नदीत उतरणारा मार्ग पुन्हा अखंड झाला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एका परवान्याने कालवा वाचला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे संघटित चळवळ, जनमत व नॅशनल ट्रस्टची तयारी होती. शिवाय येथील हक्क रूढीने नव्हे, तर संसदेच्या कायद्याने आला होता. त्या अर्थी तो आपल्या वहिवाटीहून भिन्न आहे. तथापि दोहोंत एक साम्य उरते. वापर थांबला की हक्क नाहीसा करण्यास निमित्त मिळते, आणि वापर सिद्ध झाला की ते निमित्त हिरावले जाते.

इतिहासाच्या अभ्यासकास याचा एक पद्धतिविषयक बोध घेता येईल. आपण कायदे, करार व हिशेबवह्या यांस साधने मानतो आणि सहलीस करमणूक समजून बाजूस सारतो. स्ट्रॅटफर्डच्या बाबतीत मात्र मोटरबोटीची एक फेरी व कनूचा एक परवाना हीच निर्णायक साधने ठरली. ज्यांनी ती निर्माण केली त्यांस आपण प्रवासी म्हणू, पण इतिहासाच्या दृष्टीने ते साक्षीदारही होते.