चवदार तळे कागदावर खुलेच होते : मदतीचे मोजमाप कोण करतो?

आपत्ती आली की मदत येते आणि मदत संपली की मूल्यमापन येते. संस्था जाहिरात देते, एक सल्लागार नेमते आणि तो ठरलेल्या निर्देशकांवर खुणा करत अहवाल लिहितो. आता तर हे निर्देशक तरी बरोबर आहेत का, हे तपासायलाही सल्लागार नेमले जातात. हा विषय एनजीओवाल्यांचा, आपल्याला त्याचे काय, असे चळवळीतल्या अनेकांना वाटते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. काय मोजायचे आणि ते कोणी मोजायचे, हा आपला शंभर वर्षांपासूनचा प्रश्न आहे.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यानुसार सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे खुले केले. समजा, १९२६ साली एखादा मूल्यमापक महाडला आला असता. तळे सार्वजनिक आहे का? आहे. पाणी आहे का? भरपूर आहे. प्रवेशाचा ठराव झाला आहे का? झाला आहे. सगळ्या रकान्यांत पूर्ण गुण! आणि प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याला त्या तळ्याची ओंजळ घेता येत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो कागद खरा की खोटा याची तपासणी झाली. सवर्णांनी परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण केली, शेण-गोमूत्र टाकून तळे ‘शुद्ध’ केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

आता जागतिक मदतकार्याकडे वळू. १९९४ मध्ये रवांडात सुमारे आठ लाख माणसांचा नरसंहार झाला. त्यानंतर लाखो निर्वासित झाईरमधल्या गोमा इथे पोहोचले आणि तिथे पहिल्या महिन्याभरातच कॉलरा व इतर रोगांनी हजारो माणसे गेली. संस्था होत्या, पैसा होता, पण किमान काय द्यायचे याचा समान दंडक नव्हता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संयुक्त मूल्यमापनाने हे उघड केले. पुढच्याच वर्षी ‘स्फिअर’ प्रकल्प सुरू झाला. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, ५०० मीटरच्या आत पाणवठा, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसे, २० माणसांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर असे आकडे त्यातून रुळले. या आकड्यांनी जीव वाचवले आहेत. मदत ही मेहेरबानी नसून हक्क आहे, ही भूमिकाही याच प्रक्रियेत मांडली गेली. तिचे स्वागत आपण केलेच पाहिजे.

पण सरासरी जात झाकते. एक साधे गणित करा. छावणीत १०० माणसे आहेत. त्यातल्या ८० जणांना १८ लिटर पाणी मिळते आणि टोकाला बसवलेल्या २० जणांना फक्त ३ लिटर. सरासरी बरोबर १५ लिटर येते. निकष पूर्ण, अहवाल उत्तम, आणि वीस माणसे तहानलेली!

हे कल्पनेतले नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या छावण्यांमध्ये दलितांना पाण्याच्या टाक्यांना हात लावू न दिल्याच्या, रांगेतून हुसकावल्याच्या बातम्या आल्या. मानवी हक्क संघटनांनी त्याच्या नोंदी केल्या. नुकसानभरपाईची मोजणी बोटी आणि जाळी यांवर झाली. दुसऱ्याच्या बोटीवर राबणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या दलितांकडे बुडायला बोटच नव्हती, मग नुकसान कसले मोजणार? प्रेते उचलायला मात्र सफाई कामगार म्हणून त्यांचीच माणसे आणली गेली.

आपल्या किल्लारीचे पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. पुनर्वसनात घराचा आकार जमीनधारणेवर ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४०० आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५०. शतकानुशतके जमीन कोणाला नाकारली गेली, हे वाचकांना सांगायला नको. ‘घर मिळाले का’ या रकान्यात सगळ्यांचे उत्तर ‘हो’ येते, पण जुन्या गावाची उतरंड नव्या सिमेंटमध्ये पक्की झाली हे त्यात दिसत नाही.

असे का होते? सल्लागार वाईट असतो म्हणून नव्हे. त्याची कार्यकक्षा मदत देणारी संस्थाच लिहिते, त्याचे पैसे तीच देते, आणि त्याला मोजके दिवस मिळतात. गावे स्थानिक भागीदार निवडतो, बैठक पंचायतीत किंवा देवळासमोर भरते, आणि तिथे आधी कोण बोलतो हे आपल्याला ठाऊक आहे. रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत वंश, धर्म, राष्ट्रीयत्व न पाहता मदत द्या, कोणताही भेदभाव नको, असे म्हटले आहे. जातीचे नाव मात्र त्या कलमात नाही. ज्याचे नावच घेतले जात नाही, त्याचा रकाना कोण आखणार?

म्हणून आपल्या मागण्या ठोस हव्यात. वय, लिंग, अपंगत्व यांनुसार आकडे वेगळे काढण्याची पद्धत आता रुळली आहे. भारतातल्या प्रत्येक मदतकार्यात त्याच ओळीत जात आली पाहिजे. सल्लागाराच्या कार्यकक्षेत वस्तीत जाऊन, वेगळी बैठक घेण्याची अट हवी. बायकांशी बाईने बोलले पाहिजे. अहवाल मराठीत, ज्यांच्याबद्दल लिहिला त्यांच्यासमोर वाचला गेला पाहिजे. आणि पाहणी पथकात आपली शिकलेली मुले-मुली हवीत. समाजशास्त्र, समाजकार्य, सांख्यिकी शिकणाऱ्यांनी हे क्षेत्र परके मानू नये.

कोणी नेमण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. २००८ च्या कोसी पुरानंतर बिहारमध्ये दलित संघटनांनी स्वतः छावण्यांची पाहणी करून अहवाल काढले. पुढचा पूर सांगली-कोल्हापूरला येवो की कोकणात, आपल्या प्रत्येक तालुका शाखेकडे एक वही आणि चार प्रश्न तयार असावेत : पाणी कोणाला मिळाले, किती मिळाले, कितव्या दिवशी मिळाले आणि ते कोणाच्या हातून घ्यावे लागले?

जय भीम.