लाखोळी आणि चेतापेशींचा संवाद

भंडारा जिल्ह्यात धानकापणीपूर्वी ओलसर बांधीत लाखोळीचे बी फेकण्याची रीत जुनी आहे. कमी पाण्यात तग धरणारे हे कडधान्य टंचाईत गरिबांचा आधार ठरते. मात्र अनेक महिने तेच मुख्य अन्न राहिल्यास पाय ताठरून चालणे दुरापास्त करणारा 'लॅथिरिझम' हा आजार जडू शकतो. त्याचे मूळ चेतापेशींच्या परस्पर संवादात आहे.

दोन चेतापेशींमध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. विद्युत संदेश पेशीच्या टोकाशी पोहोचताच तेथे कॅल्शियम आत शिरते आणि सूक्ष्म पिशव्यांतील रसायन फटीत सोडले जाते. मेंदू व मज्जारज्जूतील असे प्रमुख उत्तेजक रसायन म्हणजे ग्लुटामेट. ते पलीकडच्या पेशीवरील ग्राहींना जोडले गेले की संदेश पुढे जातो. त्यानंतर ते शोषून घेतले जाते.

लाखोळीतील 'ओडॅप' हे द्रव्य रचनेने ग्लुटामेटसारखे असल्याने त्याच ग्राहींना उत्तेजित करते. या अतिउत्तेजनाने हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या चेतापेशी मरतात, असे मानले जाते. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून हे अपंगत्व सहसा कायमचे असते.

१९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. पुढे 'रतन', 'प्रतीक' असे कमी ओडॅपचे वाण विकसित झाले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकल्यास ओडॅप घटते, पण पूर्णतः नाहीसे होत नाही. त्यामुळे लाखोळी हेच एकमेव अन्न न राहणे, हाच खरा प्रतिबंध होय.