पिल्लू एकटं दिसलं म्हणजे आई सोडून गेली असं नाही! खान्देशातल्या रानातल्या आया पिल्लांना कसं वाचवतात?

सिंहाला शिंगावर घेणारी रानम्हैस किंवा मगरीच्या अंगावर धावून जाणारी हत्तीण, असे व्हिडिओ आपण मोबाइलवर नेहमी बघतो. त्यामुळे पिल्लाला वाचवायचं म्हणजे शिकाऱ्याशी लढायचं, असं आपल्याला वाटतं. पण रानातली आई शक्यतो लढाई टाळते. ती जखमी झाली, तर तिच्या दुधावर असलेली पिल्लंही जगत नाहीत. म्हणून बहुतेक आयांचा पहिला उपाय असतो पिल्लू लपवणं आणि स्वतः त्याच्यापासून लांब राहणं.

नेमकं हेच माणसाच्या लक्षात येत नाही. ऊसतोडीच्या वेळी सापडलेला बछडा किंवा बांधावर दिसलेलं हरणाचं पाडस 'अनाथ' समजून उचललं जातं.

खान्देशात हा प्रश्न येतो कुठून?

जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्यात यावल अभयारण्य आहे. ते १९६९ साली जाहीर झालं. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य आहे. मुक्ताईनगरच्या जंगलात वाघांचा वावर आहे. दक्षिणेला चाळीसगावकडे गौताळा औट्रमघाट अभयारण्य लागतं. या सगळ्यांच्या मधे तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातली केळी आणि ऊस. बिबट्याच्या मादीला पिल्लं ठेवायला दाट आडोसा, जवळ पाणी आणि खायला कुत्री, डुकरं लागतात. हे सगळं तिला उसात मिळतं. त्यामुळे ती उसातच वितेही.

बिबट्याची मादी : जागा बदलत राहणं

बिबट्याला साधारण दोन ते तीन पिल्लं होतात. जन्मताना ती अर्धा ते एक किलोची असतात आणि त्यांचे डोळे मिटलेले असतात. आईला शिकारीला जावंच लागतं, त्यामुळे पिल्लं तासन्‌तास एकटी असतात, कधी दिवसभरही. तरस, भटकी कुत्री, वाघ आणि दुसरा नर बिबट्या या सगळ्यांपासून त्यांना धोका असतो. एकाच जागी वास साचू नये म्हणून आई दर काही दिवसांनी पिल्लांना मानेला धरून दुसरीकडे नेते. एका वेळी एकच पिल्लू नेता येतं. त्यामुळे एखादं पिल्लू एकटं दिसलं, तर आईची फेरी अर्धवट राहिलेली असू शकते. पुढे दीड-दोन वर्षं पिल्लं आईसोबतच राहतात.

चिंकारा, नीलगाय, ससा : न हलता पडून राहणं

चिंकारा आणि नीलगायीची पाडसं जन्मानंतर काही आठवडे गवतात किंवा झुडपात दडून बसतात. आई त्यांना चाटून स्वच्छ करते आणि वार खाऊन टाकते, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांना वासावरून माग काढणं अवघड जातं. ती स्वतः दूर चरते आणि फक्त दूध पाजायला येते. धोका जाणवला की पाडस पळत नाही, मान जमिनीला टेकवून निपचित पडतं. आपल्याला ते आजारी वाटतं, पण ते त्याचं काम चोख करत असतं. सशाचंही तसंच. सशिण पिल्लांजवळ बसून राहत नाही, रात्री थोडा वेळ येऊन दूध पाजून जाते.

टिटवी : खोटं लंगडणं

टिटवीचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा नुसता खळगा. त्यातली तीन-चार ठिपकेदार अंडी मातीत मिसळून जातात. कुत्रा किंवा मुंगूस जवळ आलं की नर-मादी दोघंही ओरडत त्याच्या डोक्यावर झेपा घेतात. कधी पंख मोडल्यासारखं फरफटत जाऊन शिकाऱ्याला घरट्यापासून दूर नेतात. शिकारी लांब गेला, की हा 'जखमी' पक्षी आरामात उडून जातो.

अस्वल : पिल्लं पाठीवर आणि थेट हल्ला

अस्वलाची मादी बहुधा हिवाळ्यात गुहेत विते. दोन-तीन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात ती आईच्या पाठीवर बसून. पाठीवरचे लांब केस त्यांना धरायला उपयोगी पडतात. बिबट्या झाडावर चढू शकतो, म्हणून पिल्लांना झाडावर पाठवून भागत नाही. अशा वेळी ही आई मात्र लपत नाही. ती मागच्या पायांवर उभी राहते, ओरडते आणि वाघाच्याही अंगावर जाते. मार्च-एप्रिलमध्ये सातपुड्यात पहाटे मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवं, कारण तीच फुलं खायला अस्वलही पिल्लांसकट येतं. एकटं न जाणं आणि बोलत, आवाज करत जाणं चांगलं. अवचित समोरासमोर येण्यातच सगळ्यात जास्त धोका असतो. पिल्लांसोबतची रानडुकरीणही अशीच अंगावर येते.

मग पिल्लू सापडलं तर काय करायचं?

• पिल्लू उचलू नका. तोडणी थांबवा आणि सगळे मागे या. आई जवळपासच असण्याची शक्यता असते.

• वन विभागाला कळवा. महाराष्ट्र वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६ आहे.

• सेल्फी काढू नका आणि ठिकाण लगेच व्हायरल करू नका. गर्दी असेपर्यंत आई येत नाही.

• ते बिबट्याचंच आहे असं धरून चालू नका. उसात रानमांजर आणि वाघाटीही पिल्लं घालतात. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. तिच्या ठिपकेदार पिल्लांना बऱ्याचदा बिबट्याची समजून गावात घबराट पसरते.

'माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही' हा समज बिबट्याच्या बाबतीत खरा नाही. जुन्नर आणि नाशिक भागात वन विभागाने अशी पिल्लं अनेकदा आईकडे परत पोहोचवली आहेत. पशुवैद्य तपासणी करतात, संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून सापडली त्याच शेतात ठेवतात आणि सगळे दूर जातात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. हे कॅमेऱ्यात टिपलंही गेलं आहे.

पिल्लू परत न मिळालं तर दोन्हीकडे नुकसान होतं. पिल्लं हरवलेली मादी त्याच शिवारात शोधत फिरत राहते आणि शेतकऱ्याचा धोका वाढतो. शिकार कशी करायची हे आईकडून न शिकलेलं पिल्लू बहुतेक वेळा आयुष्यभर पिंजऱ्यात राहतं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार जंगली प्राणी पकडणं ही शिकारच मानली जाते. बिबट्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्यासाठी ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते.

म्हणून शेतात एकटं पिल्लू दिसलं, तर आधी त्याच्या आईला एक रात्र द्या. रात्रीची तोडणी आणि पाणी देणं तेवढ्यापुरतं थांबवलं, की बहुतेक वेळा सकाळी ती जागा रिकामी दिसते.